नळीवरचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, छापखान्यातल्या सोबत्यांना नाही — आणि ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुला सांगतो, कारण तू मला ओळखत नाहीस. ओळखत असलास तर माझ्या पत्रकांवरून ओळखत असशील. पण तो मी नव्हे.

मी पत्रकांवर वाढलो. वडील गावात शाळामास्तर. वाईच्या बाजाराला गेले की येताना भाजीच्या पिशवीत, कोथिंबिरीखाली दडवून, कुणाकुणाची पत्रकं आणायचे. मुलं गोष्टी वाचतात त्या वयात मी 'बंधूंनो, जागे व्हा' वाचत होतो. भित्रेपणा हे गुलामगिरीचं बी आहे, असं एका पत्रकात होतं. ते मी शाळेच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं आणि वडिलांचा मार खाल्ला. मार खाताना रडलो नाही याचा मला केवढा अभिमान वाटला होता! बघ — मी मुद्द्यावर यायचं टाळतो आहे.

सदापासून सुरू करतो.

सदा माझ्या वर्गातला, पण लिहिणं-वाचणं त्याला कधी जमलं नाही. आमचं गाव वाईच्या खाली, कृष्णाकाठी. घाटापुढे एक खोल डोह आहे, आणि त्या डोहातले मासे गावात कुणी धरत नसे. मोठाले, काळसर, अंगावर रुपयाएवढी खवलं. श्रावणातल्या सोमवारी सगळं गाव घाटावर येऊन त्यांना कणकेचे गोळे घालायचं. पण पहिला घास सदाच्या घराचा. तो त्या घराचा मान. सदाचे वडील, तात्या, कमरेइतक्या पाण्यात उतरायचे, गोळा तळहातावर ठेवून हात पाण्यात धरायचे आणि वाट बघायचे. मग खालून एक मासा यायचा, सगळ्यांत थोरला. गाव त्याला 'म्हातारा' म्हणायचं. तो तात्यांच्या तळहातावरून गोळा उचलायचा, हलकेच, आणि मग बाकीच्यांनी टाकायला सुरुवात करायची. सदाची आई तो लहान असतानाच गेली होती. घरात हे दोघेच — आणि सदा सांगायचा, तिसरा डोहात राहतो.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा एक पत्रक म्हणे, भरती होऊ नका; दुसरं म्हणे, जगावरचं संकट आधी, आपलं गाऱ्हाणं मागाहून. मला दुसरं पटलं. मला पटलं की मी ते दुसऱ्याला पटवल्याशिवाय राहत नसे. सदाला ऊस बरा होता, बैल बरे होते. मी त्याला घाटावर बसवून व्याख्यान दिलं. शेवटी तो म्हणाला, "पत्रक्या, तुझं बोलणं मला काय कळत न्हाई. पर तू एकटा गेलास तर तुझ्या भाकरी कोण भाजंल?" आणि तो माझ्याबरोबर आला.

आम्हाला ज्या बेटावर नेलं त्याचं नाव सांगायला तेव्हा बंदी होती. भर समुद्रात नारळीच्या झाडांची एक बांगडी, बांगडीच्या आत शांत पाणी आणि त्या पाण्यात उभी राहिलेली जहाजं. धक्क्याच्या खांबांची आणि जहाजं बांधायच्या साखळ्यांची पाण्याखाली पाहणी करायला पोहणारी माणसं हवी होती. आम्ही कृष्णेतले. आम्हाला निवडलं.

तोंडावर काच लावलेला रबरी मुखवटा, त्याला एक लांब नळी, नळीचं वरचं टोक होडीतल्या हातपंपाला. वर कुणीतरी पंप मारायचा, खाली आपण श्वास घ्यायचा. पंपावर हवालदार होता, कवठे महांकाळकडचा, त्या कोरड्या मुलखातला. त्याला पोहता येत नव्हतं. होडी हलली की तो देवाचं नाव घ्यायचा. "आमच्याकडं ह्यातलं ओंजळभर पाणी असतं," म्हणायचा, "तर मी कशाला हितं आलो असतो रं?" पण कामाचा फार कडक. त्याचा एकच नियम होता. खाली जायचं ते जोडीनं. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं त्याच्या मागं राहून त्याच्या नळीवर हात ठेवायचा — ती खडकाला घासू द्यायची नाही. कारण तिथला खडक म्हणजे पोवळं, आणि पोवळ्याची धार वस्तऱ्यासारखी. "नळीवर हात म्हंजे जिवावर हात," तो रोज म्हणायचा. रोज. आम्ही त्याची नक्कल करून हसायचो.

खाली काय होतं ते तुला कसं सांगू? पोवळं म्हणजे मला आजीच्या गळ्यातले तांबडे मणी माहीत होते. तिथं पोवळ्याची रानं होती. हरणाच्या शिंगांसारखी, कोबीच्या गड्ड्यांसारखी, पिवळी, जांभळी, तपकिरी — आणि सगळी जिवंत. मासे ते पोवळं कुरतडायचे आणि तो कुडुम कुडुम आवाज पाण्यातून कानात यायचा, गोठ्यात बैल कडबा खातात तसा. मोठ्या ओठांचे, बैलाएवढे मासे खडकाच्या कपारीतून आमच्याकडे बघत राहायचे. मला त्यांच्याकडे पाठ करवत नसे. सदाचं तसं नव्हतं. तो तिथं घरच्यासारखा वावरायचा.

एकदा तो आला. पाण्यातून आधी एक सावली आली, मग त्या सावलीवर ठिपके दिसले — पांढरे, रांगेनं, रांगोळीचे घातल्यासारखे. आमच्या होडीपेक्षा कितीतरी लांब. सपाट डोकं, आणि डोक्याएवढंच रुंद तोंड. मी गोठलो. सदा जागचा हलला नाही. त्या माशानं तोंड उघडून गढूळ पाणी आत घेतलं, बाजूच्या चिरांतून सोडून दिलं आणि तो आमच्या शेजारून गेला. सदानं हात लांबवून त्याच्या कुशीवर तळवा ठेवला. ठेवला आणि काढला, बापाने गोळा धरलेला असायचा तसा. वर आल्यावर हवालदारानं सांगितलं की बाकीच्या खलाशांना तो माहीत आहे, तो चावत नाही, पाण्यातला बारीक भुसा खाऊन जगतो. सदा दिवसभर हसत होता. संध्याकाळी तात्यांना पत्र लिहून घेताना मला म्हणाला, "लिव्ह — आपल्या म्हाताऱ्याचा थोरला भाऊ हितं भेटला. त्यानं रामराम सांगितलाय."

मी लिहिलं. गंमत म्हणून लिहिलं. तात्यांनी ते पत्र माझ्या वडिलांकडून वाचून घेतलं आणि मग घाटावर जाऊन म्हाताऱ्याला निरोप दिला, असं वडिलांनी कळवलं होतं. आम्ही पुन्हा हसलो.

आता तो दिवस.

पाणी गढूळ होतं. एका साखळीत तुटलेली तार अडकली होती. सदा खडकाच्या उताराला टेकून ती सोडवत होता. मी त्याच्या मागे. माझा हात त्याच्या नळीवर. रबर हाताला गरम लागत होतं, आतून जाणारी हवा बोटांना कळत होती — एक भरली, एक गेली. मी मान वळवली आणि गढूळ पाण्यातून तोंड आलं. नुसतं तोंड, उघडं. बैलगाडी आत जाईल एवढं. ते माझ्याच दिशेनं येत होतं. ते कुणाचं तोंड आहे हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. ठिपके दिसले होते. तो चावत नाही हे माहीत होतं. हे सगळं माहीत असून मी हात सोडला.

मी खडकाला लाथ मारून वर गेलो. जाताना एकदा खाली पाहिलं. तो मासा सदाच्या डोक्यावरून, त्याला शिवतही नव्हता, संथपणे पुढे चालला होता. त्याच्या शेपटीच्या हेलकाव्यानं सदाची सुटी नळी शिंगांसारख्या पोवळ्यावर जाऊन पडली, ताणली गेली, आणि तिच्या मधूनच बुडबुडे फुटले. सदानं माशाकडे पाहिलंच नाही. तार त्याच्या कमरेच्या पट्ट्यात गुंतली होती; एक हात त्यानं मागे केला होता — जिथे माझा हात असायला हवा होता तिथे — आणि तो चाचपत होता.

मी होडीची कड धरली. मुखवटा ओढून काढला. हवालदारानं विचारलं, "सदा कुठाय?"

इथे थांबतो जरा.

मी 'नळी' म्हणालो असतो तर? एक शब्द. होडीत आणखी दोघे पोहणारे तयार बसले होते. 'नळी तुटली' म्हटलं असतं तर ते त्याच दमात खाली गेले असते. पाणी काही फार खोल नव्हतं. पण नळी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता — हात कुणाचा होता? म्हणून मी म्हणालो, "मासा." मग म्हणालो, "मोठा मासा. त्यानं धरला." ते दोघे उठले होते ते खाली बसले. वल्ह्यांनी पाणी झोडपू लागले. कुणीतरी किनाऱ्याकडे बंदुकीसाठी ओरडलं. हवालदारानं नळी ओढली, तर फाटलेलं टोक वर आलं, दातांनी तोडल्यासारखं दिसणारं. सगळ्यांनी ते पाहिलं. मीही इतरांसारखंच पाहिलं.

ते खाली उतरले तेव्हा उशीर झाला होता.

सदाला वाळूवर निजवलं. हवालदार त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्यानं त्याचे हात, पाय, पाठ, सगळं हळूहळू बघितलं. मग मान वर न करता म्हणाला, "अंगावर वरखडाबी न्हाई रं." एवढंच. तो मलाच म्हणाला होता. तो पुन्हा कधी माझ्याशी बोलला नाही, पण साहेबापुढे त्यानं माझं सांगणं खोडलंही नाही. का नाही, हे मला अजून कळलेलं नाही. सदाला तिथेच नारळीखाली अग्नी दिला. म्हणजे गावातल्या कुणाला ते अंग बघायला मिळणार नव्हतं. मला त्या वेळी दुःख झालं होतं का? झालं होतं. आणि त्या दुःखाच्या तळाशी सुटल्यासारखंही वाटलं होतं. दोन्ही खरं आहे.

लढाई संपली, मी गावी आलो. तात्या ओट्यावर बसले होते. सरकारकडून त्यांना नुसतं कळलं होतं की कामावर असताना पाण्यात मृत्यू. त्यांनी मला पाणी दिलं, माझे हात हातात घेतले आणि विचारलं, "पाण्यानं आमचं पोर जायाचं न्हाई. काय झालं ते सांग, बाळ."

"मोठा मासा होता, तात्या."

त्यांनी माझे हात सोडले. मग म्हणाले, "त्यो... म्हाताऱ्याचा भाऊ?"

सदाची गंमत त्यांनी गंमत म्हणून घेतलीच नव्हती. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या त्या माशांना पहिला घास दिला, त्यांना माशांतलं नातंगोतं खरंच होतं. मी काय म्हणायला हवं होतं? नाही — एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. दुसरा कुठला मासा म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नवा मासा उभा करायचा तर नवी हकीकत रचावी लागली असती, आणि तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "हो."

त्या श्रावणात पहिल्या सोमवारी तात्या कणकेचा गोळा घेऊन नेहमीसारखे पाण्यात उतरले. म्हातारा वर आला. तात्यांनी मूठ मिटली आणि तसेच बाहेर आले. पुढच्या सकाळी डोहातून मोठा आवाज झाला. विहिरीच्या कामाला आणलेला सुरुंग त्यांनी डोहात टाकला होता. गाव धावत घाटावर गेलं. पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. म्हातारा घाटाच्या पायरीला येऊन लागला होता, आणि तात्या त्याच्याशेजारी बसले होते. कुणी विचारायच्या आधीच म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्या ह्यांच्या तोंडात घास घातला. आन्‌ ह्यांच्याच भाऊबंदानं माझं लेकरू खाल्लं."

मी तिथं होतो. गर्दीत, मागे.

गावानं घराचा मान काढला. प्रायश्चित्त घ्या म्हणाले. तात्या नाही म्हणाले. मग पैऱ्याला, अदलाबदलीनं नांगरायला, कुणी बैल देईना, उसाच्या तोडीला कुणी येईना. शिव्या कुणी दिल्या नाहीत. नुसतं, तात्या घाटावर आले की बायका धुणं अर्धवट पिळून उठायच्या. मला गावात राहवेना. मी सांगलीला आलो, छापखान्यात मुद्रितं तपासू लागलो, आणि तिथून एक पत्रक काढलं. 'मासा मोठा की माणूस?' पुत्रशोकानं वेड्या झालेल्या बापाला वाळीत टाकणाऱ्या गावाची मी त्यात सालटी काढली. अंधश्रद्धा, जुलूम, मेलेली माणुसकी — शब्द आपोआप येत होते. ते पत्रक साताऱ्यापर्यंत गेलं. सभांतून वाचलं गेलं. अनोळखी माणसांनी रस्त्यात माझा हात धरून सांगितलं, सत्य लिहायला छाती लागते. मी मान लववली. त्यातलं एकेक वाक्य खरं होतं, बघ. नुसतं ते ज्याच्यावर उभं होतं, ते खोटं होतं.

तात्यांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असावं. एका दुपारी ते सांगलीला माझ्या खोलीवर आले, काखेत गुळाची ढेप घेऊन. फार वाळले होते. म्हणाले, "माझ्या बाजूनं तू एकटाच बोललास." जेवायला बसले, पण घास तोंडाशी नेऊन थांबले. मला वाटलं, आता काही मागतील. त्यांनी विचारलं, "त्याला लय तरास झाला का रं? का लगेच गेला?"

दार लोटलेलं होतं. आम्ही दोघंच होतो. मी पुढे सरकलो — खरंच सरकलो — तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या बघण्यात एवढा विश्वास होता की मला वाटलं, हा विश्वास गेला तर माझ्यापाशी काहीच उरणार नाही. माझ्यापाशी. त्यांच्यापाशी काय उरेल ते मनात आलंच नाही. मी म्हणालो, "लगेच, तात्या. त्याला कळलंसुद्धा नाही."

त्यांनी घास खाल्ला. म्हणाले, "मग बरं झालं."

मागे केलेला, चाचपणारा हात मला त्यांच्या ताटावर दिसत होता.

गेल्या उन्हाळ्यात तात्या वारले. सांगावा आला तसा मी निघालो. त्यांचं जवळचं कुणी नव्हतं. गावानं मला म्हटलं, तू लेकासारखा, तूच अग्नी दे. मी दिला. रक्षा सावडायच्या दिवशी मडकं घेऊन मी घाटाकडे वळलो तर चार म्हातारी माणसं वाट अडवून उभी होती. भांडायला नव्हे, हात जोडून. "बाळ, बाकी कुठंबी सोड. डोहात नगं. ह्यो डोह त्यांनीच मारला." तात्यांच्या घरातल्या सगळ्यांची रक्षा त्या डोहात सोडलेली होती. आजे, पणजे, सदाची आई. आणि मला तेव्हा नुसतं एवढंच बोलायचं होतं, की माशांनी काही केलं नव्हतं आणि या माणसानंही नाही. याला मी फसवलं. चार म्हातारे. तात्याही आता नव्हते. कुणाला धक्का बसायचा होता? कुणाला जपायचं होतं?

मी मान डोलावली आणि घाटाची वाट सोडली.

मडकं घेऊन नदीच्या कडेनं बराच खाली गेलो, जिथं पात्र पसरतं आणि उन्हाळ्यात पाणी घोट्याच्या वर येत नाही. तिथं रक्षा सोडली. ती वाहून जाईना. गोट्यांना चिकटून राहिली, मी बोटांनी सोडवत राहिलो. मग पाण्यात हालचाल झाली. बोटाएवढे मासे, डोहातल्या वाचलेल्यांचीच पिल्लं असतील, घोळक्यानं आले आणि रक्षेला, माझ्या पायांना तोंड लावू लागले.

घोट्याएवढं पाणी होतं. तरी मी पाय मागे घेतला.